सोलापूरच्या शाळेत करिअर मार्गदर्शन कसं उभं करावं: आठवी ते दहावीचा तीन वर्षांचा आराखडा

दहावीचा निकाल लागला की आमच्या पूर्व भागात आठवडाभर एकच प्रश्न फिरतो: "काय बे, सायन्स का?" टक्के पडले की उत्तर ठरलेलं. जास्त पडले तर सायन्स, मधले पडले तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. आयटीआयचं नाव कुणी काढलं तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. मुलाला काय जमतं, काय आवडतं हा प्रश्न या सगळ्यात कुठं येतच नाही, कारण तो विचारायची वेळ दोन वर्षांपूर्वीच निघून गेलेली असते.

मी शाळेत शिकवतो आणि बरीच वर्षं मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आहे. सुरुवात वाईट झाली होती. पहिल्या वर्षी निकालानंतर एक व्याख्यान ठेवलं. एका खासगी क्लासवाल्यांनी 'मोफत सेमिनार' देऊ केला, आम्हीही खूश झालो. दोन तासांत त्यांनी एकाच परीक्षेचं कौतुक केलं, शेवटी मुलांकडून फॉर्म भरून घेतले आणि पुढचे दोन महिने पालकांना फोन करून हैराण केलं. पालक मलाच बोलले, आणि बरोबर बोलले. तेव्हापासून कुणीही 'मोफत' काही द्यायला आलं की मी पहिला प्रश्न विचारतो: मुलांचे फोन नंबर घेणार आहात का?

त्या फजितीतून एक गोष्ट कळली. 'तुला काय व्हायचंय' हे मुलाला विचारण्याआधी जगात काय काय असतं ते त्याला दाखवावं लागतं. ज्यानं डॉक्टर, पोलीस, शिक्षक आणि यूट्यूबर एवढंच पाहिलंय, तो त्या चारांतलंच एक सांगणार. म्हणून खालच्या आराखड्यात आठवीचं वर्ष बघण्याचं आहे, नववीचं स्वतःला तपासण्याचं आणि दहावीचं ठरवण्याचं. हा क्रम उलटा करू नका.

जूनमध्ये: माणसं, वेळ, परवानगी

हे काम एकट्या शिक्षकावर टाकलं तर दिवाळीपर्यंत टिकतं. किमान तिघं हवेत: एक प्रमुख शिक्षक, आठवी ते दहावीचे वर्गशिक्षक मिळून दुसरा गट, आणि तिसरा शाळेचा लिपिक. लिपिक कशाला, असं सगळे विचारतात. त्याचं उत्तर कागदपत्रांच्या भागात येईल.

वेळ म्हणजे पंधरा दिवसांतून एक तासिका. ती वेळापत्रकात छापून घ्या, 'मोकळ्या तासाला बघू' म्हटलं की झालं. आठवीसाठी शनिवार सोयीचा पडतो. राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहेच. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना काढून मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला जावं असं स्पष्ट लिहिलंय. मुख्याध्यापकांना परवानगी मागताना याच दोन गोष्टी अर्जात लिहा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव करून घ्या. उद्या सहलीला पालकांनी हरकत घेतली तर हा ठरावच कामी येतो.

खर्च फार नाही. आमचा मोठा खर्च बसभाड्याचाच असतो.

प्रत्येक मुलाची एक फाईल

पुठ्ठ्याची साधी फाईल, आत चार-पाच कागद. पहिल्या कागदावर मुलाची माहिती: घरात कोणती भाषा बोलतात, आई-वडील काय काम करतात, घरात मोठ्यांपैकी कोण किती शिकलंय, शाळेनंतर मूल काय करतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. संध्याकाळी वडिलांच्या दुकानात हिशेब बघणारा मुलगा आणि भावाच्या गॅरेजवर बसणारा मुलगा आपल्याबद्दल जे सांगून जातात ते कुठल्याही चाचणीत येत नाही.

भाषेचा प्रश्न सोलापुरात विसरून चालत नाही. वर्गात मराठी, घरी तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू, असं अनेकांचं असतं. त्यामुळं कोणत्या भाषेत मूल मोकळं बोलतं याची नोंद फाईलवर ठेवा.

आठवी: गावातच बघायला जा

बाहेरगावच्या मोठ्या संस्थेची सहल काढायच्या आधी घराच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी यंत्रमागावर आहे. तरी 'टेक्स्टाइल' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त माग चालवणारा बाप येतो. कारखान्यात नेल्यावर मी मुलांना एकच काम देतो: इथं किती वेगवेगळी कामं चालतात ते मोजा. पहिल्यांदा सहा सांगतात. मग पुन्हा पाठवायचं. वॉर्पिंग (ताणा लावणं), सायझिंग (सुताला खळ देणं), रंगाई, जकार्डचं (विणीतल्या नक्षीचं) डिझाइन करणारा, माग बिघडला की येणारा जॉबर, मागाची इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारा, शिलाई, तपासणी, पॅकिंग, हिशेबनीस, निर्यातीची कागदपत्रं करणारा, परगावच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलणारा. यादी पंधरावर जाते. मग प्रत्येक कामाला किती शिक्षण लागतं आणि ते कुठं मिळतं, हे वर्गात शोधायचं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातही हेच करा. कटिंग मास्टर आणि पॅटर्न बनवणारा यांच्या हातात किती भूमिती असते हे बघितल्यावर गणिताच्या बाई खूश होतात.

सुरक्षिततेचं बघून जा. ओढण्या घट्ट बांधलेल्या, केस बांधलेले, एका वेळी १५-२० मुलंच आत, पालकांचं संमतिपत्र हातात. मुलांनी कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, आपण फक्त बघायला आलोय.

दुसरी चांगली फेरी केगावची. सोलापूर-पुणे महामार्गावर एकाच बाजूला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, २००५ साली सुरू झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि विज्ञान केंद्र आहे. एका बसमध्ये, एका दिवसात तिन्ही होतात. डाळिंब केंद्रात जाण्याआधी पत्र देऊन तारीख घ्या. 'शेती म्हणजे बापाचं कर्ज' एवढंच ऐकलेल्या मुलाला डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करणारा शास्त्रज्ञ, माती तपासणारा तंत्रज्ञ आणि रोपवाटिका सांभाळणारा माणूस एकाच आवारात भेटतो.

साखर विसरू नका. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि साखर तंत्रज्ञानाचं शिक्षण देणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पुण्याजवळ मांजरीला आहे. हंगामात गाळप बघायला मिळालं तर उत्तमच.

रेल्वेचा सोलापूर विभाग आणि कुर्डुवाडीचा वर्कशॉप हे तर आपल्या अंगणातलं. दरवर्षी आयटीआय झालेल्या मुलांना तिथं ॲप्रेंटिसशिप मिळते, आणि आपल्यातले अनेक पालक हे ऐकून पहिल्यांदा आयटीआयकडे नीट बघतात.

दवाखान्यात नेलंत तर डॉक्टरांच्या केबिनबाहेर थांबू नका. लॅब, एक्स-रे, फिजिओथेरपी, औषध विभाग, परिचारिकांची खोली बघा. 'मेडिकल' म्हणजे एमबीबीएस एवढंच नसतं हे तिथं समजतं. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीनंतर वेगळी सीईटी (प्रवेश परीक्षा) आहे, ही माहिती त्याच दिवशी द्या.

सगळीकडे जाणं होत नाही, तेव्हा माणसांना बोलवा. पण मोठ्या हुद्द्याची माणसं आणू नका. शाळेतले दोन-तीन वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आणा. आमच्याकडे आलेली सगळ्यात उपयोगी पाहुणी आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात वायर सोलायलाच रडले." वर्ग हसला, आणि मग खरे प्रश्न सुरू झाले.

आठवीतच एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या ज्या मुलांच्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे आणि ज्यांना सातवीत ५५ टक्के गुण आहेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी सवलत आहे), त्यांना बसवा. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मूल पुढं शिकणार की नाही हे अनेक घरांत या रकमेवर ठरतं. म्हणून ही परीक्षा मार्गदर्शनाच्याच कामात धरा, ती फक्त हुशार मुलांची मानू नका.

नववी: चाचणी घ्या, पण तिथंच थांबू नका

२०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. ती दहावीत झाली, हीच तिची अडचण होती असं मला वाटतं. परीक्षेच्या गडबडीत आलेला अहवाल पालक मार्कशीटसारखा वाचायचे: "सर, याला तांत्रिक आलंय म्हणजे इंजिनिअर होणार ना?"

म्हणून चाचणी नववीत, दिवाळीनंतर घ्या. राज्याच्या महाकरिअर पोर्टलवर अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या आणि प्रवेश परीक्षांची माहिती विद्यार्थ्याच्या सरल आयडीनं (शाळेच्या ऑनलाइन नोंदीतल्या क्रमांकानं) मिळते. संगणक कक्षात पाच-सहा मुलांच्या गटानं बसवा. खासगी चाचणी विकत घेणार असाल तर आधी दोन शिक्षकांनी स्वतः सोडवून बघा. मराठी अनुवाद वाचूनच कळेल की ती कोणत्या मुलांसाठी लिहिलीय. एका चाचणीत 'मला वनस्पतिवर्गीकरणात रस आहे' असं वाक्य होतं. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलानं सरळ 'नाही' खूण केली. त्याच मुलानं घराच्या गच्चीवर अकरा कुंड्या लावलेल्या होत्या.

चाचणीनंतर प्रत्येक मुलाशी किमान पंधरा मिनिटं बोला. एकट्याशी, दार उघडं ठेवून. मी हे प्रश्न विचारतो:

शाळेतल्या कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही?
मित्र तुझ्याकडे कशासाठी मदत मागायला येतात?
काय करायला सांगितलं की अंगावर काटा येतो?
सहलीला बघितलेल्या कामांपैकी कुठलं पुन्हा बघायला आवडेल, आणि कुठलं अजिबात नको?

उत्तरं मुलाच्याच शब्दांत लिहा. 'संवादकौशल्य चांगले' असं लिहू नका. 'भांडण मिटवायला सगळे याच्याकडे येतात' असं लिहा. दोन वर्षांनी फाईल उघडली की या ओळीचा उपयोग होतो.

नववीत आणखी एक साधी तपासणी करून घ्या, डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची. रेल्वेत लोको पायलट व्हायचंय, एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचंय, असं म्हणणाऱ्या मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत हे अठराव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत कळलं तर दोन वर्षं वाया जातात. शाळेच्या आरोग्य तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या चकत्या दाखवायला डॉक्टरांना सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

पालक: सभा त्यांच्या वेळेला

दुपारी बारा वाजता पालक सभा ठेवली तर वर्गात शिक्षकच बसतात. विडी वळणारी आई हजार विड्यांचा हिशेब सोडून येत नाही, मागावरचा बाप पाळी सोडून येत नाही. आमच्या सभा आता कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, आणि कधी शाळेऐवजी गल्लीतल्या समाजमंदिरात होतात. तेलुगू चांगलं बोलणारी एक आई सोबत असते. मी जे वीस मिनिटं सांगतो ते ती पाच मिनिटांत सांगते, आणि लोक तिचंच ऐकतात.

सभेत भाषण नको. दोन गोष्टी बोला: पैसे आणि वर्षं. आयटीआयचे ट्रेड एक किंवा दोन वर्षांचे, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. पॉलिटेक्निक डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. हे फळ्यावर बाणांनी काढून दाखवलं की 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं' हा समज गळून पडतो.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. २०२४-२५ पासून राज्यात ज्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशानं व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "पोरीला एवढी फी कशाला" या वाक्याचं उत्तर मी याच माहितीनं देतो.

गेल्या वर्षी एक आई सभेनंतर थांबली. मी म्हटलं, "अक्का, तिला काय आवडतं ते विचारलंत का?" ती म्हणाली, "सर, ती चित्रं काढतीय. त्यावर पोट भरतंय का?" मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचं, दहावीत त्याला मिळणाऱ्या वाढीव गुणांचं, बारावीनंतर बी.एफ.ए.ला (ललित कलेच्या पदवीला) असणाऱ्या वेगळ्या सीईटीचं सांगितलं. मग चादरीवरचं डिझाइन कोण काढतं, असं तिलाच विचारलं. ती गप्प राहिली. मुलीची फाईल मागून घेऊन तिनं शेवटपर्यंत वाचून घेतली, म्हणजे मुलीनं तिला वाचून दाखवली.

कागदपत्रं: इथं लिपिक लागतो

चांगला निर्णय कागदाअभावी बुडालेला मी अनेकदा बघितलाय. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल (रहिवासाचा दाखला), नॉन-क्रीमी लेयर ही यादी नववीच्या जूनमध्येच पालकांच्या हातात द्या आणि फाईलवर खुणा करत जा.

सोलापुरात जातीच्या दाखल्याला एक वेगळी अडचण येते. अनेक कुटुंबं पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आली. ओबीसी आणि एसबीसीच्या (विशेष मागास प्रवर्गाच्या) दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला घरात नसतो. अशा वेळी आजोबा किंवा त्यांची भावंडं ज्या नगरपालिका शाळेत गेली तिच्या जुन्या नोंदवहीतून उतारा काढावा लागतो, आणि त्याला महिने जातात. हे दहावीच्या मेमध्ये सुरू केलं तर प्रवेश हुकणारच. आमचे लिपिक नववीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी अशी कुटुंबं शोधून काढतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं असेल तर पुढं जात पडताळणीही लागते, हेही आत्ताच सांगून ठेवा.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची असते. पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत वर्षाला १,००० ते २५,००० रुपये मिळतात. आईचं विडी कामगार ओळखपत्र आणि बँक खातं तपासून घ्या. खातं आधारशी जोडलेलं नसलं की पैसे अडकतात.

दहावी: पसंतीक्रम

डिसेंबरपर्यंत प्रत्येक मुलानं एक पान लिहायचं: पहिली वाट, दुसरी वाट, आणि दोन्हींना लागणारे पैसे. दुसरी वाट लिहिताना मुलं कंटाळतात, तरी लिहून घ्या. जूनमध्ये पहिली बंद झाली की तेच पान हातात घेतलं जातं.

खास वाटा ज्यांच्या मनात आहेत त्यांना वेळेवर सांगावं लागतं. एनडीएत नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं, भूदलाला कुठलीही शाखा चालते. मुलांच्या सैनिकी तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था) ही सरकारी संस्था आहे आणि तिची परीक्षा दहावीतच असते, अकरावीत आठवण झाली तर उपयोग नाही. सीए करणाऱ्यानं सायन्सच घ्यायला हवं असं काही नाही, कॉमर्समधून जा, आणि दहावीनंतरच फाउंडेशनला नाव नोंदवता येतं.

निकालानंतर तीन वेगळ्या अर्जप्रक्रिया एकाच वेळी चालतात: अकरावी, पॉलिटेक्निक आणि आयटीआय. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. किमान एक आणि जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. इथं एक नियम पालकांना दहा वेळा सांगा: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून 'बघू तर लागतंय का' म्हणून पहिला क्रमांक भरू नका. खरंच जायचंय तेच पहिलं. आणि रोजच्या बसचा वेळ धरून ठरवा. जुळे सोलापूरच्या कॉलेजला जाण्यासाठी पूर्व भागातल्या मुलीला रोज दोन बस बदलाव्या लागत असतील, तर ते पान भरतानाच बोलायला हवं.

आम्ही निकालानंतर पाच दिवस शाळेचा संगणक कक्ष संध्याकाळी उघडा ठेवतो. सायबर कॅफेत भरलेल्या अर्जांतल्या चुका निस्तरण्यापेक्षा हे सोपं पडतं. अर्ज मुलानं स्वतः भरायचा, शिक्षक फक्त शेजारी उभा. आयटीआयचा अर्ज सगळ्यांनी भरून ठेवावा असं मी सांगतो, नापास झालेल्यांनीही, कारण काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो.

डिसेंबरचे फोन

मुलं गेली की कार्यक्रम संपला असं धरू नका. अकरावीतल्या किंवा आयटीआयतल्या प्रत्येक मुलाला डिसेंबरमध्ये एक फोन करा. कॉलेज कसं आहे असं विचारलं तर 'चांगलंय' एवढंच येतं. त्यापेक्षा 'काल तासाला काय झालं' असं विचारा. कोण खरंच जातंय आणि कोण घरी बसलंय हे तिथं कळतं. हे फोन आम्ही रविवारी संध्याकाळी करतो, दोघा-तिघांत वाटून, आणि प्रत्येक उत्तर जुन्या फाईलवर एका ओळीत लिहितो. ज्याच्या दोन्ही वाटा फसल्या त्याच्यासाठी पुढच्या जूनची आयटीआय प्रवेशाची तारीख त्याच ओळीखाली येते.

गेल्या डिसेंबरमध्ये एका मुलानं फोन उचलला नाही. घरी गेलो तर तो कामावर गेला होता. दारात त्याची बहीण होती, सातवीतली, जूनमध्ये आमच्याच शाळेत आठवीत येणार. तिनं विचारलं, "सर, कारखाना बघायला आम्हालाही नेणार का?" तिचं नाव मी यंदाच्या यादीत लिहून ठेवलंय.